जानेवारीची काणी सप्टेंबरात सांगा : रेडिओवरून शेती बोलायची रीत

ज्वारीच्या कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी दिसायला लागली की आमच्या केंद्राचा फोन वाजू लागतो. जानेवारीचे दिवस असतात, रान हुरड्याला आलेलं असतं आणि पलीकडून आवाज येतो, "ताई, ज्वारीला काणी आलीया, काय मारू?" तेव्हा मारून काहीच होत नाही. दाणे काणी हा बुरशीचा रोग, तिचे बीजाणू बियाण्याला चिकटून येतात, बी उगवतानाच रोपात शिरतात आणि कणीस बाहेर पडेपर्यंत कुणाला दिसत नाहीत. उपाय आहे तो पेरणीच्या आधीचा. एक किलो बियाण्याला ४ ग्रॅम गंधक चोळायचं. एकरभर रब्बी ज्वारीला ४ किलो बी लागतं, म्हणजे १६ ग्रॅम गंधक. एका चहाच्या पैशात होणारं काम.

माणगंगेच्या काठच्या दुष्काळी पट्ट्यात एका छोट्या सामुदायिक रेडिओ केंद्रावर मी अकरा वर्षं शेतीचा कार्यक्रम करते आहे. पहिल्या वर्षी काणीवरचा भाग मी जानेवारीत केला, कारण फोन जानेवारीत आले. भाग चांगला झाला, लोकांनी तसं सांगितलंही. पण ज्याच्या रानात काणी होती त्याला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही, आणि पुढच्या सप्टेंबरपर्यंत ऐकलेलं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. नव्या केंद्रांवरची मुलंमुली मला विचारतात, शेतीचा कार्यक्रम कुठून सुरू करायचा? माझं उत्तर ठरलेलं आहे. माइकपासून नाही, वहीपासून.

शंभर पानी वही घ्या आणि बारा महिन्यांची बारा पानं पाडा. आपल्या भागात कुठल्या महिन्यात शेतकरी कशाने हैराण होतो, ते त्या त्या पानावर लिहा. मग प्रत्येक दुखण्यापुढे विचारा, हे टाळायचं असतं तर निर्णय कधी घ्यायला हवा होता? तो महिना शोधा आणि विषय तिकडच्या पानावर न्या. काणी जानेवारीच्या पानावरून सप्टेंबरच्या पानावर जाते. हरभऱ्याची मर, म्हणजे रोपं वाळून जाणं, दिसते ती पीक महिनाभराचं झाल्यावर, पण ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी लावायची असते बियाण्याला. डाळिंबावरचा तेलकट डाग पावसाळ्यात बाग खातो. मृग बहार धरायचा की हस्त बहार, म्हणजे झाडाला कुठल्या हंगामात फुलं आणायची, हे मात्र शेतकरी त्याआधीच ठरवून बसलेला असतो, म्हणून तेलकट डागाचं बोलणं उन्हाळ्यात झालं पाहिजे. जनावरांच्या घटसर्प आणि फऱ्या या रोगांच्या लसी पहिल्या पावसाच्या आधी टोचून व्हायला हव्यात, तेव्हा तो विषय मे महिन्याचा. अशी वही पुरी झाली की वर्षाचे निम्मे विषय हातात येतात. उरलेले निम्मे लोकांचे फोन ठरवतात.

फोन आला की तारीख, गाव, पीक, पिकाचं वय आणि प्रश्न त्या माणसाच्या शब्दांत उतरवून घ्या. त्याच्या शब्दांत, हे महत्त्वाचं. "मका पोंग्यात कुरतडलीया, भुसा पडल्यागत दिसतंय" असं कुणी सांगितलं तर वहीत तसंच लिहायचं, 'लष्करी अळीचा प्रादुर्भाव' असं नाही. (पोंगा म्हणजे मक्याची मधली गुंडाळलेली कोवळी पानं.) कार्यक्रमाची सुरुवात त्याच वाक्याने करायची असते. ऐकणाऱ्याच्या रानात भुसा पडलेला असतो, प्रादुर्भाव पडलेला नसतो. २०१८ साली ही अळी पहिल्यांदा महाराष्ट्रातल्या मक्यावर आली, तेव्हा तिचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. भुसा मात्र सगळ्यांनी पाहिला होता.

आता वेळ. सकाळी सात, संध्याकाळी सात असं कागदावर ठरवून मोकळं होऊ नका. आधी आठवडाभर गावात फिरा आणि कोण कधी काय करतंय ते बघा. आमच्याकडे पहाटे साडेपाच ते साडेसहा धारा काढतात. गोठ्यात रेडिओ खुंटीला अडकवलेला असतो, हात गुंतलेले आणि कान मोकळे. बायकांसाठी ही वेळ सोन्याची. दुपारी दीडला माणसं झाडाखाली भाकरी सोडतात. पण आम्हाला खरा शोध लागला रात्रीचा. शेतीची थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीला माणूस एकटा बॅटरी घेऊन रानात जातो, दारं धरतो, मोबाईलवर एफएम लावतो. त्याला सोबत हवी असते आणि वेळ भरपूर असतो. सकाळचाच भाग आम्ही रात्री सव्वादहाला पुन्हा लावायला लागलो आणि दुसऱ्याच आठवड्यात रात्री अकराला पाटाच्या कडेवरून फोन आला. मागे पाण्याचा आवाज होता. आता रात्रीच्या पाळीचा भाग आम्ही वेगळाच करतो, जरा संथ, मध्ये एखादा अभंग.

एका भागात एकच गोष्ट सांगा. ज्वारीची लागवड पेरणीपासून काढणीपर्यंत असला विषय पुस्तकाला शोभतो. रेडिओ ऐकणाऱ्याला पान उलटून मागे जाता येत नाही. दहा मिनिटांत बियाण्याला गंधक चोळायला शिकवलं, तर तो भाग पूर्ण झाला.

ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही, हे मी एका चुकीतून शिकले, आणि ती चूक माझ्याच कार्यक्रमात झाली. मक्यातल्या तणनाशकावरचा भाग होता. माहिती बरोबर होती, तज्ज्ञांकडून तपासून घेतली होती. सुरुवातीला मी दोनदा सांगितलं, की हे ॲट्राझीन फक्त सलग मक्यासाठी आहे, मक्यात उडीद, मूग, तूर असं आंतरपीक असेल तर अजिबात मारू नका. मग सहा-सात मिनिटं औषध, प्रमाण आणि फवारणी यावर बोलले. एका भावाने रेडिओ लावला तो मधेच. त्याने औषधाचं नाव आणि प्रमाण नीट ऐकलं आणि लिहूनही घेतलं. त्याच्या मक्यात उडदाच्या ओळी होत्या. दहा दिवसांनी तो केंद्रावर आला तो रिकाम्या हाताने नाही, पिवळी पडून जळालेली उडदाची चार रोपं घेऊन. ओरडला नाही. टेबलावर रोपं ठेवली आणि म्हणाला, "ताई, तुमच्या रेडिओत ऐकून मारलं." ती रोपं मी वहीत दाबून ठेवली आहेत. जुलैच्या पानावर.

त्या दिवसापासून केंद्रावर नियम आहे. माणूस कधीही रेडिओ लावेल असं धरूनच लिहायचं. प्रत्येक दोन मिनिटांनी पिकाचं नाव परत यायला पाहिजे. प्रमाण सांगायचं त्याच वाक्यात पीक असलं पाहिजे. आणि जिथे नुकसान होऊ शकतं तिथे 'कुठे मारू नये' हे 'किती मारावं' याच्या आधी आणि नंतर, दोन्हीकडे सांगायचं. कानाला कंटाळा येईल म्हणून हे गाळू नका. ऐकणारा कंटाळत नाही, कंटाळतो तो स्टुडिओत बसलेला माणूस.

मापाबद्दल थोडं जास्त बोलते, कारण रेडिओवर सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. 'प्रति हेक्टर' हा शब्द विसरा. आपला माणूस गुंठ्यात आणि एकरात विचार करतो. 'प्रति लिटर' चालतं, पण रानात लिटर नसतो, पंप असतो. पंप तरी किती लिटरचा? कुणाचा दहाचा, कुणाचा पंधराचा, बॅटरीचा सोळाचा. म्हणून आधी दहा लिटर पाण्याचं प्रमाण सांगा, मग पंधरा लिटरच्या पंपाचं, आणि दोन्ही आकडे दोनदा म्हणा. टोपणाने औषध मापायची सवय फार आहे, पण प्रत्येक बाटलीचं टोपण वेगळं असतं. "मेडिकलमधून मिलीच्या खुणा असलेली सिरींज आणा, सुई काढून टाका, औषधाच्या पिशवीत वेगळी ठेवा" हे वाक्य आमच्या फवारणीच्या प्रत्येक भागात येतं. दीड आणि अडीच हे शब्द खराब लाईनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून "दीड, म्हणजे एक आणि अर्धा" असं फोडून सांगते.

सरकारी मराठीशी मात्र रोज झुंज द्यावी लागते. सल्ला येतो तो असा : 'किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्यास शिफारशीत कीटकनाशकाची फवारणी करावी.' यात चूक काही नाही, पण हे डोळ्यांसाठी लिहिलेलं आहे. ते कानासाठी फोडायचं. "मक्याच्या रानात पाच ठिकाणी थांबा. प्रत्येक ठिकाणी वीस झाडं बघा. झाली शंभर. त्यातल्या दहा झाडांचा पोंगा कुरतडलेला दिसला, तर फवारणीची तयारी करा. दोन-तीनच दिसली तर अळ्या हाताने वेचून मारा, घाई नको." आता हे करता येतं. वाक्य लिहिलं की डोळे मिटून मोठ्याने वाचा. मधे श्वास घ्यावा लागला तर वाक्य तोडा.

आवाज शेतकऱ्याचाच हवा. तज्ज्ञ हवेत, पण ते दुसऱ्या क्रमांकावर. गंधकाचा भाग आम्ही दुसऱ्या वर्षी केला तो एका आजींच्या अंगणात. आजींनी गोणपाट अंथरलं, मालदांडी ज्वारीचं बी पसरलं आणि मी रेडिओसाठी विचारत गेले : आता काय करताय, हाताला कसं लागतंय, रंग कसा दिसतोय? आजी म्हणाल्या, "हळद लावल्यागत पिवळं झालं पायजे बी. एखादा दाणा पांढरा राहिला तर अजून चोळ." किती वेळ चोळायचं, हे कुठल्याही पत्रकात नव्हतं. आजींनी रंग सांगितला आणि तो सगळ्यांना कळला. रेडिओला चित्र नसतं, म्हणून प्रश्न असे विचारायचे की उत्तरात रंग, वास, स्पर्श यावा. "माती किती ओली हवी?" असं न विचारता "मूठ दाबली तर काय व्हायला पाहिजे?" असं विचारा. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, काय ते मुठीतून कळतं.

रेकॉर्डिंगला स्टुडिओच पाहिजे असं नाही. साधा रेकॉर्डर किंवा चांगला मोबाईल पुरतो, फक्त मोबाईल फ्लाईट मोडवर टाका, नाहीतर ऐन वाक्यात रिंग वाजते. रानातला खरा शत्रू वारा. वाऱ्याकडे पाठ करून बसा. कडब्याच्या गंजीचा आडोसा उत्तम, कडबा आवाज गिळतो आणि घुमू देत नाही. माइकला फोम नसेल तर सुती रुमालाची दुहेरी घडी बांधा. तोंडापासून एक वीत अंतर, समोर नाही, किंचित बाजूला. मोटार चालू असेल तर बंद करायला सांगा. तिची घरघर नंतर काढता येत नाही. शेळ्या, कोंबड्या, बैलाच्या गळ्यातली घुंगरं राहू द्या, त्याने ऐकणाऱ्याला जागा कळते. बोलणं संपलं की उठू नका. मिनिटभर गप्प बसून रानाचा नुसता आवाज भरून घ्या. तुकडे जोडताना तो सांधा झाकायला लागतो.

आजींचा तो भाग प्रसारित झाला, त्याचा शेवट असा होता. सुरुवात करणाऱ्यांना साचा म्हणून देते.

"आत्ताच रेडिओ लावला असेल तर सांगते, आपण रब्बी ज्वारीच्या बियाण्याबद्दल बोलतोय. पेरायच्या ज्वारीबद्दल, खायच्या नाही. कणसात काळी भुकटी होते, ती काणी, ती टाळायची आहे. एक किलो ज्वारीच्या बियाण्याला चार ग्रॅम गंधक. चार. एका एकराला चार किलो बी, म्हणजे सोळा ग्रॅम गंधक. दुकानात मागताना म्हणा, तीनशे मेश गंधक. आजी, बी कसं दिसायला पाहिजे?"

"हळद लावल्यागत."

"हळद लावल्यासारखं पिवळं. गंधक लावलेलं बी उरलं तर दळायला टाकू नका, कोंबड्यांना घालू नका. पेरणी झाली की हात साबणाने धुवा. उद्या सकाळी पावणेसहाला हाच भाग पुन्हा."

हे जेमतेम एक मिनिटाचं आहे. त्यात पीक तीनदा आलं, प्रमाण दोनदा, आणि कुठे वापरायचं नाही तेही आलं.

प्रसारणाआधी प्रत्येक आकडा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या किंवा कृषी विद्यापीठातल्या तज्ज्ञाला वाचून दाखवा, तोंडी होकारावर थांबू नका, कागदावर सही घ्या. औषध त्या पिकासाठी लेबलवर असेल तरच त्याचं नाव घ्या. कंपनीचं नाव नको, घटकाचं नाव सांगा. दुकानदार जाहिरात देतो म्हणाले तर जाहिरात वेगळी आणि सल्ला वेगळा, मध्ये गाणं. एकदा का लोकांना वाटलं की ताई कुणाचा माल विकतेय, की अकरा वर्षांचा विश्वास एका हंगामात जातो. हवामानावर आधारित कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, तो आला की त्याच संध्याकाळी आपल्या तालुक्यापुरता फोडून सांगा. पाऊस सांगितला असेल तर फवारणीचा भाग पुढे ढकला, भाग तयार आहे म्हणून लावू नका. आणि रेकॉर्डिंग पुसू नका. सामुदायिक रेडिओला प्रसारित केलेले कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावे लागतात, पण शेतीचे भाग मी कायमचे ठेवते, कारण सप्टेंबर दरवर्षी येतो.

परवान्याबद्दल थोडक्यात. २००६ पासून सामाजिक संस्था, कृषी विज्ञान केंद्रं आणि कृषी विद्यापीठांना सामुदायिक रेडिओ काढता येतो. १०० वॅटची ताकद, मनोरा ३० मीटरपर्यंत, आवाज साधारण दहा-पंधरा किलोमीटर जातो, मध्ये डोंगर आला तर कमी. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक असायला लागतात. पल्ला लहान आहे हे मला बळ वाटतं. माझ्या पट्ट्यातल्या सगळ्यांचा पाऊस आणि बाजार जवळपास एकच आहे. तेलंगणात माचनूरला 'संगम रेडिओ' २००८ पासून गावातल्या दलित शेतकरी बायका चालवतात आणि बियाण्यांवर, भरडधान्यांवर आपल्या बोलीत बोलतात. स्वतःचं केंद्र नसेल तरी थांबू नका. आकाशवाणीवर २००४ पासून 'किसानवाणी' आहे, तिथे आपल्या गावचा शेतकरी आणि प्रश्न घेऊन जाता येतं.

आता जे मला सगळ्यात जवळचं आहे ते. नुसतं ऐकून माणूस रीत बदलत नाही. ऐकल्यावर पारावर चार जणांत जे बोलणं होतं, त्यात बदलतो. हे मी शोधलेलं नाही, आपल्याच मातीत तपासून झालेलं आहे. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने पुणे रेडिओ केंद्रावरून एक प्रयोग झाला. पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आणि उत्तर सातारा या पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत श्रोता मंडळं केली. आठवड्यातून दोनदा अर्धा तास मराठी कार्यक्रम, असे एकूण वीस. मंडळात वीसेक माणसं, एक अध्यक्ष, एक निमंत्रक. ऐकायचं, चर्चा करायची, कृती करायची. चर्चेतले प्रश्न पुण्याला जायचे आणि पुढच्या कार्यक्रमात उत्तर यायचं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पाहणी केली. मंडळं असलेल्या गावांत लोकांची माहिती भरपूर वाढली होती. जिथे रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, तिथे फारशी वाढली नाही. आवाज तोच होता, फरक होता तो एकत्र बसण्याचा. तमिळनाडूत तंजावरकडे 'एडीटी २७' हे भाताचं वाण रेडिओवरून इतकं पसरलं की शेतकरी त्याला रेडिओ भात म्हणू लागले, तिथेही ऐकून एकमेकांत बोलणारी माणसं होतीच.

म्हणून गावागावात दहा-बारा जणांचं मंडळ करा. आमच्याकडे बायकांची मंडळं जास्त टिकली, कारण बचत गटाची बैठक आधीच ठरलेली असते, तिला आम्ही अर्धा तास जोडला. निमंत्रक मोठा बागायतदार नको, त्याच्यापुढे लहान शेतकरी बोलत नाही. जी विचारते आणि लिहिते अशी एखादी वहिनी शोधा. तिला तीनच प्रश्न द्या : यातलं आपल्या रानात चालेल का, काय अडतंय, कोण करून बघणार? तिसऱ्याचं उत्तर म्हणून नाव यायला हवं. "बघू की" हे उत्तर धरायचं नाही. मग त्या नावाच्या रानात पंधरा दिवसांनी आपण जायचं, माइक घेऊन. जमलं तरी भाग होतो, बिघडलं तरी भाग होतो. बिघडलेल्याचा भाग लोक जास्त कान देऊन ऐकतात, फक्त त्या माणसाची परवानगी घ्या आणि त्याला लाज वाटेल असं विचारू नका.

किती जणांनी ऐकलं हे मोजायच्या भानगडीत मी पडत नाही. मी जानेवारीत दहा रानांत जाते, सप्टेंबरात गंधक चोळल्याचं मंडळात नाव आलं होतं त्यांच्या, आणि त्यांच्या बांधाला लागून असलेल्या दहा रानांत. प्रत्येक ठिकाणी शंभर कणसं बघते आणि काळी किती ते वहीत मांडते. काळ्या कणसावर हळूच कापडी पिशवी घालून ते कापायचं आणि जाळायचं, झटकायचं नाही, हेही तिथेच बांधावर रेकॉर्ड होतं. ते रेकॉर्डिंग मी लगेच लावत नाही. सप्टेंबरच्या पानाला टाचणीने चिठ्ठी लावून ठेवते.